करडीच्या तेलाचा एक थेंब

परतूरला स्टेशनरोडवरून मोंढ्याकडे वळलं की उजव्या हाताला त्रिंबकचं दुकान लागतं. दुकान म्हणजे केवढं? त्रिंबक आत बसला की गिऱ्हाइकानं रस्त्यावर उभं राहायचं, एवढं. बेचाळीस वर्षं हा माणूस तिथे घड्याळं दुरुस्त करत बसलेला आहे. आता घड्याळं कोण घालतं म्हणा! तरी सेल बदलायला, पट्टा बसवायला लोक येतात आणि येता येता शिलाई मशीन, फवारणीचा पंप, एखादा बंद पडलेला रेडिओही आणून ठेवतात. नाही म्हणणं त्रिंबकला जन्मात जमलं नाही.

त्याची एक सवय साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. कुठलंही यंत्र उघडायच्या आधी तो हात जोडतो. समोरचा तंबाखूवाला परमेश्वर त्यावरून त्याला रोज छेडतो, "त्रिंबक, तुझ्या बायकोला कधी असा नमस्कार केलता का रे?" त्रिंबक फक्त हसतो. सवय त्याच्या उस्तादाची. ते हैदराबादेकडून आलेले म्हातारे घड्याळजी सांगायचे, "ज्यानं हे बनवलं त्याला तू ओळखत न्हाईस. कुठला, कोन्या मुलखाचा, काय ठावं न्हाई. पर तुझ्या आधी त्याची बोटं इथं फिरल्यात. आधी सलाम कर, मंग पेचकस लाव."

आणि त्रिंबक घराण्यानं घड्याळजी नव्हेच. त्याचा बाप भिवा मेंढरं राखायचा. पावसाळा सरला की माळावरचं कुसळी गवत पिकतं आणि त्याचं कुसळ मेंढरांच्या डोळ्यांत शिरतं. भिवा कोकराचं डोकं गुडघ्यांत धरायचा आणि नऊ वर्षांचा त्रिंबक दोन नखांच्या टोकांनी ते कुसळ अलगद उचलायचा. बुबुळाला बोट लागू द्यायचं नाही आणि कोकराला भ्यायला वेळ द्यायचा नाही. साऱ्या वाड्यातल्या मेंढरांचे डोळे त्याच्याकडे असायचे. पुढे आठवडी बाजारात तो उस्तादांच्या टपरीसमोर तासन् तास उभा राहायला लागला. एक दिवस उस्तादांनी मूठभर तीळ आणि मूठभर मोहरी एकत्र करून त्याच्यापुढे ठेवली, हातात चिमटा दिला आणि स्वतः जेवायला निघून गेले. परत आले तेव्हा दोन ढीग वेगळे झालेले होते. ढेरपोट्या उस्तादांनी त्या दिवशी दुसरं जेवण त्याच्यासाठी मागवलं म्हणतात.

तर गेल्या दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी दुकान झाडून होतं न होतं तोच काळीपिवळी जीपमधून एक म्हातारी उतरली. पंच्याहत्तरीची, बारीक चणीची, डोळ्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा जाड चष्मा. तिनं पदराखालून एक पुडकं काढलं, त्यातून जुना कापडी टॉवेल निघाला आणि टॉवेलातून एक कॅमेरा. रशियन बनावटीचा, रोलवाला, हातात धरला तर खलबत्त्यासारखा जड. त्याच्या कपाळावर हळदीकुंकवाची बोटं होती आणि कातडी पट्ट्यात आपट्याचं एक पान अजून अडकलेलं होतं.

"भाऊ, मी वाटूरची दुर्गाबाई. तातेराव फोटूवाल्याची मंडळी," ती म्हणाली. "हा कॅमेरा चालू करून द्या. जल्दी पाह्यजे."

तातेराव फोटोवाला! परतूर, मंठा, वाटूर या पट्ट्यात पन्नाशीच्या पुढचं असं माणूस सापडणार नाही, ज्यानं कधी ना कधी तातेरावांपुढे श्वास रोखून धरला नाही. त्रिंबकच्या घरी त्याच्या बापाचा जो फोटो हार घालून लावलेला आहे, तोही तातेरावांचाच. बाजारच्या दिवशी लिंबाला पडदा बांधून काढलेला. भिवाच्या डोक्याला फेटा आणि डोळ्यांत, फोटो काढायला लावला म्हणून, शुद्ध राग. तो राग इतका जिवंत आहे की त्रिंबक अजून त्या फोटोसमोर बिडी ओढत नाही.

"तातेरावकाका हायेत कसे?" त्यानं विचारलं.

"हायेत म्हनायचं. पानी सुदिक चमच्यानं जातंय." म्हातारीनं क्षणभर तोंड फिरवलं. "भाऊ, सांगते ऐका. आमच्या चार गावांत कुनाच्याबी घरात जा, भिंतीवर मेलेल्या मानसाचा फोटू दिसन, तो मालकांच्या हातचा. अन मालकांचा एकबी न्हाई. कायम कॅमेऱ्याच्या मागं, पुढं कोन बसवनार त्यांना? नातू मोबाइल घेऊन आल्ता, शिवाजी. त्याच्याकडं पाठ करून झोपले. म्हनले, काढायचा तर माझ्या कॅमेऱ्यानं काढा. आता याचा रोल पोरानं पुण्याहून मागवला, तर हा डोळाच उघडंना."

डोळा म्हणजे काय ते तिनं दाखवलं. भिंगाभोवती एक कडं असतं, त्यावर आकडे असतात, आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. कडं फिरवलं की भिंगाच्या आतली पोलादी पाती सरकतात आणि मधलं छिद्र लहानमोठं होतं. त्याला फोटोवाले ॲपर्चर म्हणतात. इथे कडं गरगर फिरत होतं, पण आतली पाती ढिम्म. छिद्र ज्वारीच्या दाण्याएवढं होऊन जे बसलं होतं, ते बसलंच होतं.

"एवढ्याशा भोकानं सावलीत फोटू काळाच येनार," दुर्गाबाई म्हणाली. "उन्हात सोळा, ढगाळात आठ, वसरीत चार. मालक तर वसरीतून उठू शकत न्हाईत. चारवर उघडायलाच पाह्यजे."

त्रिंबक तिच्याकडे बघतच राहिला. फोटोवाल्याची बायको म्हणून कॅमेरा आणून देणारी म्हातारी वेगळी आणि आकडे सांगणारी वेगळी.

"मावशी, तुमाला हे..."

"मीच काढायची की बायांचे फोटू! त्या येळी कोन्या घरची सून परक्या गड्यापुढं तोंड वर करायची? मालक बाहेर बसायचे बिडी पीत, आत मी. मंठ्यापावतर गेलीय मी डोहाळजेवनाचे फोटू काढायला." हे सांगताना तिची पाठ वीतभर सरळ झाली होती.

"पर मावशी, मी कॅमेरा कधी उघडला न्हाई. खोटं कशाला बोलू."

"डोळा उघडलाय का कुनाचा?"

त्रिंबकला हसू आलं. "मेंढराचा."

"मंग झालं तर!" म्हणून ती वळलीदेखील. मग पुन्हा मागे येऊन तिनं सांगितलं, की हा कॅमेरा तीस वर्षं बंद आहे. मंठ्याच्या एका मोठ्या लग्नाचा अख्खा रोल काळा निघाला होता. रोलच खराब होता असं मालक म्हणाले. मग रंगीत फोटोंचं खूळ आलं, धंदा बसला, मालकांनी कॅमेरा देवळीत ठेवला आणि तिलाही हात लावू दिला नाही. फक्त खंडेनवमीला तेवढा पूजेला खाली काढायचा.

"पूजेला मात्र कवा खाडा न्हाई," ती अभिमानानं म्हणाली. "लगीन होऊन आले तवापसून. बाळंतीन व्हते तवाबी पूजा चुकवली न्हाई."

त्रिंबकनं दुकानाचं अर्धं शटर ओढलं, पंखा बंद केला, कपाळाला पंचा बांधला आणि हात जोडले.

भिंग कॅमेऱ्यापासून सुटं झालं. पुढची काच निघाली, मागची काच निघाली. एका कागदावर प्रत्येक तुकड्याचं चित्र काढत, आकडा घालत तो आत गेला. कड्याला आतल्या भागाशी जोडणारा, खसखशीएवढा एक पेच सैल होऊन घसरलेला होता. कुणीतरी अडलेलं कडं जोर लावून फिरवलं असणार. एवढंच असतं तर काम चहा यायच्या आत झालं असतं. पण मग त्यानं डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि त्याला पाती दिसली.

दहा पाती. केसापेक्षा जाड म्हणवणार नाहीत इतकी पातळ, कोयत्यासारखी वाकलेली, एकीवर एक अशी की प्रत्येकीनं शेजारणीला धरलंय. प्रत्येकीच्या दोन टोकांना दोन खिळे, तेही सुईच्या अणीएवढे. घड्याळात चाकाला चाक फिरवतं, ते कळतं. इथे दहा जणी एका दमात सरकणार आणि मधे गोल ठेवणार, आणि कितीही लहान केलं तरी तो गोल गोलच राहणार. त्रिंबकच्या अंगावर सरसरून काटा आला. कोण्या मुलखातल्या, बर्फातल्या कारखान्यात, कोण्या माणसानं किंवा बाईनं ही दहा पाती एकेक करून इथे ठेवली होती! त्यानं उस्तादांचं सांगणं मोडून दुसऱ्यांदा हात जोडले.

मग त्यानं पांढऱ्या पेट्रोलात कापूस बुडवून एका पात्यावरून फिरवला. कापूस पिवळा झाला. पुन्हा फिरवला, लाल झाला. त्यानं नाकाला लावून बघितलं. पेट्रोलाच्या वासाच्या खालून एक ओळखीचा वास आला, घरातल्या फोडणीचा.

करडीचं तेल.

खंडेनवमीला विळा, कोयता, कुऱ्हाड, सगळ्या हत्यारांना तेलाचं बोट लावायचं, हळदकुंकू लावायचं, ही रीतच आहे. ज्या घरात शिलाई मशीन असेल तिथे मशीनच्या फटीत एक थेंब सोडतात. आणि फोटोवाल्याच्या घरचं हत्यार कोणतं? दुर्गाबाईनं काचेला कधी बोट लावलं नव्हतं, काच तर आरशासारखी होती. तिनं दर वर्षी त्या कड्याच्या फटीत, मनोभावे, एकच थेंब सोडला होता. करडीचं तेल वाळलं की राळेसारखं चिकट होतं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. पन्नास दसऱ्यांचे पन्नास थेंब. आणि त्यातल्याच कुठल्यातरी विसाव्या बाविसाव्या थेंबानं मंठ्याचं लग्न काळं झालं होतं.

त्रिंबकनं कापूस खाली ठेवला. आता हे त्या म्हातारीला सांगायचं कसं? मावशी, तुमच्या मालकाचा धंदा तुमच्या पूजेनं बसला, असं?

तो विचार बाजूला सारून त्यानं पाती उतरवली. आणि तिथे त्याला दुसरा धक्का बसला. एकेक पातं पेट्रोलातून धुऊन निघालं ते निळंकाळं, झळझळीत, जणू काल कारखान्यातून आलेलं. उस्तादांच्या जुन्या पेटीत अशाच एका मोडक्या भिंगाचा सांगाडा पडून होता. त्रिंबकनं तो काढून बघितला. त्याची पाती गंजून आगपेटीच्या काड्यांसारखी हातात तुटली. आणि इकडे डाग नाही, गंजाचा ठिपका नाही. वाळलेल्या तेलानं पात्यांवर साय धरली होती आणि त्या सायीखाली पन्नास पावसाळे आले नि गेले. ज्या तेलानं डोळा मिटला, त्याच तेलानं तो राखला होता.

पाती धुणं सोपं, बसवणं मात्र जीव खाणारं. नऊ पाती मुकाट बसतात. दहाव्याचं एक टोक नवव्या पात्यावर आणि दुसरं टोक पहिल्या पात्याच्या खाली जायला हवं. खोक्याची चार झाकणं एकमेकांत अडकवून बंद करतो ना, त्यातलं शेवटचं झाकण जसं छळतं, तसं. फरक इतकाच, की इथे श्वास जोरात सोडला तरी दहाच्या दहा उडतात. पहिल्या दिवशी तीनदा उडाली. दुसऱ्या दिवशी आठवं पातं हरवलं. त्रिंबकनं दुकान सतरंजीसकट उलटं केलं, परमेश्वरला झाडू घेऊन बोलावलं, उस्तादांच्या नावानं नारळ बोलला. शेवटी डबा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोनं, आसराबाईनं, शांतपणे त्याच्या घामेजल्या मनगटावरून ते उचलून दिलं. "हे शोधून राह्यले का?"

तिसऱ्या दिवशीही जमेना. वाटूरहून फोन आला, मालकांनी कालपासून पेज नाकारली म्हणून. त्रिंबकनं पुन्हा चिमटा लावला आणि पाती पुन्हा उडाली. त्यानं चिमटा ठेवून दिला आणि डोळे मिटले. त्याला बापाचे गुडघे आठवले, त्यांत धरलेलं कोकराचं डोकं आठवलं. डोळ्याला बोट लागू द्यायचं नाही, भ्यायला वेळ द्यायचा नाही. त्यानं चिमटाच घेतला नाही. डाव्या हाताच्या नखानं पहिलं पातं केसभर उचललं आणि उजव्या हाताच्या दोन नखांनी दहावं खाली सारलं.

ते गेलं.

पेच आवळला, काचा बसवल्या आणि त्यानं कडं फिरवलं. दहा पाती आवाज न करता मागे सरली. डोळा उघडला.

नीट उघडलाय का बघावं म्हणून त्यानं ते भिंग अर्ध्या शटरच्या उजेडाकडे धरलं आणि मागे हिशोबाच्या वहीचा कोरा कागद धरला. कागदावर पाणीपुरीच्या पुरीएवढं काहीतरी हललं. त्यानं कागद थोडा जवळ घेतला. कागदावर परतूर होतं. उलटं, रंगीत, चालतंबोलतं परतूर! परमेश्वरची टपरी उलटी, तिच्यावरचा लाल फलक उलटा, कापसाची गाडी डोक्यावर चालत चाललेली, आणि खाली, आभाळाचा निळा तुकडा. कडं फिरवून छिद्र बारीक केलं तर गाव सांजावलं, पण कापसाचं बोंड न् बोंड दिसायला लागलं. उघडलं की पुन्हा दुपार झाली. रोजचा हाच रस्ता, बेचाळीस वर्षं तो बघत आला होता, आणि आज त्याला तो नवा वाटला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं डबा घेऊन आलेल्या आसराबाईला हाक मारली आणि म्हणाला, "ये, बघ. गाव बघ आपलं."

तिनं बघितलं, तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "देवाला बी असंच दिसत आसन का हो?"

कॅमेरा पोचवायला त्रिंबक स्वतःच एस.टी.नं वाटूरला गेला. ओसरीत दाराजवळ खाट होती. खाटेवर तातेराव, उशांना टेकून, दाढी केलेले, धुतलेला सदरा घातलेले. नुसती हाडं, पण डोळे असे की समोरच्यानं आपसूक कॉलर सारखी करावी. दुर्गाबाईनं कॅमेरा हातात घेतला, कडं फिरवलं, आत बघितलं आणि तो कपाळाला लावला. मग रोल आणायला आत गेली.

तातेरावांनी बोटानं त्रिंबकला जवळ बोलावलं. आवाज कुजबुजीएवढाच उरला होता.

"करडीचं ना?"

त्रिंबक चपापला. "व्हय, काका."

"तिला बोललास?"

"न्हाई."

"नको बोलू." म्हातारा दम खात थांबला. "मंठ्याहून आलो, तवाच भिंगात हळद दिसली मला. तिला कळलं असतं तर तिनं पुन्हा कॅमेऱ्याची पूजा केली नसती. अन देवाचीबी. म्हनून रंगीताचं सांगून टाकलं. धंदा काय, दुसराबी करता येतो. केला की मी रोजगार."

तीस वर्षं! तीस खंडेनवम्यांना हा माणूस खाटेवर बसून बघत होता, ती तेलाचा थेंब सोडताना, आणि एकदाही बोलला नव्हता. दहा पाती बघून त्रिंबकच्या अंगावर काटा आला होता, तो आता काहीच वाटेना. त्याला हात जोडावेसे वाटले, पण दुर्गाबाई बाहेर आली.

तिनं रोल भरला, सफाईनं. दाराकडे बघितलं, भिंतीवरच्या उजेडाकडे बघितलं, कडं चारवर आणलं. एक गुडघा टेकून ती खाटेसमोर बसली आणि कॅमेरा डोळ्याला लावता लावता थांबली.

"भाऊ, एक सांगा. पूजेला आता काय करू? तेल चालन का?"

तातेरावांची नजर त्रिंबकवर रुतली. खोटं त्याला बोलता येत नव्हतं आणि खरं तर सांगायचं नव्हतं. मग त्याला दिसलं, की खऱ्यातलाच अर्धा भाग पुरेसा आहे.

"मावशी, दुसऱ्या कॅमेऱ्याची पाती मी पाह्यली, गंजून माती झाल्ती. तुमची नवी कोरी निघाली. तुमच्या तेलानं राखली. आता जलमभर पुरंल इतकं तेल पेलंय त्यानं. इथून पुढं नुस्तं फूल वाह्यचं."

दुर्गाबाईचा चेहरा उजळला. ती नवऱ्याकडे वळून ठसक्यात म्हणाली, "ऐकलं का? तीस वर्स तुमी माझ्या पूजेकडं बघून गप बसायचे. माझ्या तेलानंच वाचला तुमचा कॅमेरा!"

तातेरावांनी त्रिंबककडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं, आणि ते हसायला लागले. आवाज नव्हता. पण खांदे हलत होते, बोळकं उघडं पडलं होतं आणि डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं.

खट्, असा आवाज झाला.

दिवाळीनंतर आठ दिवसांनी तातेराव गेले. पुण्याहून धुऊन आलेल्या फोटोची एक कॉपी दुर्गाबाईनं त्रिंबकला आणून दिली. "बघा भाऊ, असे हसताना मी त्यांना जलमात पाह्यलं न्हाई," ती म्हणाली. "त्या घडीला कशाचं एवढं हसू आलं, कुनास ठाऊक."

त्रिंबकनं तो फोटो टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. परमेश्वर अजून छेडतो, की नमस्कार यंत्राला करतोस का फोटोला. त्रिंबक अजून नुसता हसतो.